दंग्याचा अंदाज

फ्रान्समधल्या त्या बंदरवस्तीत, ट्रामच्या खांबावर तापमानाखाली दंग्याचा अंदाज झळकत होता: एकाहत्तर टक्के. सकाळी तो जेमतेम तीस होता. तेवढ्यावर पोलीस आले. त्यांना पाहून दुकानं बंद झाली, बंद दुकानं पाहून पोरं रस्त्यावर उतरली, आणि दर वेळी आकडा चढत गेला.

त्यातलाच एक पोलीस, ब्रुनो, रोज झोहराच्या बेकरीतला गरम पाव घेऊनच ड्यूटीवर जायचा. आज तो हेल्मेट घालून तिच्या बंद शटरसमोर उभा होता.

"मादाम, दुकान उघडा ना! खांबावरच्या कॅमेऱ्याला बंद शटर दिसलं की आकडा चढतो."

"आधी तू ते हेल्मेट काढ," ती आतून म्हणाली. "भीती वाटते मला."

"आकडा उतरल्याशिवाय काढायचा हुकूम नाही."

मग झोहरानं मनाचा हिय्या करून शटर एका दमात वर ढकललं.

गंजका पत्रा त्या चिडीचूप गल्लीत गोळी सुटल्यासारखा कडाडला. ब्रुनोच्या मागे सगळ्या लाठ्या एकदम उगारल्या गेल्या. रस्त्यावरच्या पोरांकडून पहिला दगड आला.

त्याच क्षणी, दिवसभरात पहिल्यांदाच, उघडं शटर टिपून खांबावरचा आकडा उतरला: सत्तर टक्के.