मोठ्यानं सांगितलेलं मत

टॅबलेट वाजला तेव्हा लॉरेन्सच्या मोबाइलवर एक शब्द लिहून तयार होता. दोन दिवसांत त्याने तो सहा वेळा लिहिला होता आणि सहा वेळा पुसला होता.

"शेनन!" कॅथरीन सोफ्यावरून जवळजवळ उडालीच. "मी आत घेऊन जाते. इथे टीव्हीचा आवाज आहे."

"वहिनी, बसा हो." समोरच्या फ्लॅटमधल्या उपेंद्रने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "लेस्टरहून थेट प्रक्षेपण! आम्हालाही ऐकू द्या."

उपेंद्र बर्मिंगहॅममध्ये पंधरा वर्षं काढून अबुधाबीला आला होता. आज ब्रिटनमध्ये मतदान होतं. त्याचं मत पोस्टाने केव्हाच गेलं होतं, म्हणून तो फरसाणाची पिशवी घेऊन आगाऊच विजय साजरा करायला आला होता.

लॉरेन्स आणि कॅथरीन मूळचे वसईचे. अबुधाबीत येऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचं मत अजून लेस्टरमध्येच होतं. तिथे राहणारी शेनन आई-वडिलांच्या वतीने ते टाकणार होती. प्रॉक्सीचा फॉर्म भरताना लॉरेन्सला एक साधी गोष्ट सुचली नव्हती. मत गुप्त असतं, पण प्रॉक्सीला ते सांगावंच लागतं. कॅथरीनने सकाळीच बेडरूमचं दार लावून मुलीला आपलं सांगून टाकलं होतं. तिने कुणाला दिलं असेल हे विचारायचीही गरज नव्हती.

"टोरी आज खलास, चौदा वर्षांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार घरी," उपेंद्र चहा पिता पिता मघापासून म्हणत होता. "ज्या अडाण्यांनी ब्रेक्झिटला हो म्हटलं ना, त्यांना आता कळेल. लॉरेन्ससाहेब, तुमच्यासारखा एखादा वाचणारा माणूस त्यांच्या शेजारी असता तर ही वेळच आली नसती."

"आमच्या घरात एकही लीव्हवाला नाही, बाबा." कॅथरीनने नेहमीचं उत्तर दिलं होतं. तिच्या हातात तोच निळा मग होता, पिवळ्या चांदण्यांचा, युरोपच्या झेंड्याचा. आठ वर्षं तो रोज धुतला जात होता.

लॉरेन्स इथे अबुधाबीत एका शाळेच्या लायब्ररीत काम करायचा. बोलायला लागू नये अशी जागा त्याने शोधूनच घेतली होती. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये, ब्रेक्झिटच्या मतदानाला, चर्चच्या हॉलमध्ये दोरीने बांधलेली पेन्सिल हातात आली, तेव्हा त्याला सासूच्या, कॅथरीनच्या आईच्या, नावाने आलेली तीन पत्रं आठवली होती. व्हिसा नाकारल्याची. तिसरं आलं ते शेननच्या चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या आठवड्यात. नातीला न पाहताच म्हातारी वसईजवळ निर्मळला, गावीच वारली. शेजारच्या पोलिश बाईची आई मात्र युरोपातली म्हणून व्हिसाशिवाय दर नाताळला विमानात बसून यायची. तिची बॅग लॉरेन्सच जिन्यावरून वर न्यायचा. त्या म्हातारीवर त्याचा राग नव्हता. पण एकीने यावं आणि एकीने येऊ नये, हे कुणी ठरवलं? त्याने 'लीव्ह'समोर, युरोप सोडण्याच्या बाजूने, फुली मारली. बाहेर कॅथरीन उभी होती, कोटावर 'रिमेन'चा बिल्ला लावून.

"दिलंस?" तिने विचारलं होतं.

"दिलं. तू?"

"दिलं." पुढे दोघांनीही काही विचारलं नाही.

त्याआधी वीस वर्षं त्याचं मत लेबर पक्षाला जायचं, जसं लेस्टरमध्ये तो काम करायचा त्या हॉस्पिटलच्या युनियनमधल्या सगळ्यांचं जायचं. त्या दिवसानंतर ते जमेना. पुढच्या दोन्ही निवडणुकांत फुली ब्रेक्झिट घडवून आणणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्हसमोर गेली. त्या पक्षावर त्याचं फार प्रेम होतं असंही नाही. पण त्यांना सोडणं म्हणजे त्या दिवशीचा लॉरेन्स मूर्ख होता असं कबूल करणं. तेवढं तर जो तो म्हणतच होता.

अबुधाबीत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून शेनन दुसऱ्या ॲपवरून आईच्या टॅबलेटवर फोन करायची. दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर.

"डॅडी, आय ॲम आउटसाइड द हॉल. तुझा मेसेजच नाही आला. कुणाला देऊ?"

"तो मेसेज करेल. तू ठेव," कॅथरीन घाईने म्हणाली. तिचं बोट लाल बटणाकडे गेलं.

लॉरेन्सने तिचं मनगट धरलं. असं त्याने कधी धरलं नव्हतं.

"राहू दे, कॅथरीन. मी इथेच सांगतो."

"सांगा, साहेब! मोठ्यानं!" उपेंद्रने शेवेची मूठ भरली.

"कॉन्झर्व्हेटिव्ह."

त्याने घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं, "कॉन्झर्व्हेटिव्ह, शेनन. आणि सोळा साली मी लीव्ह दिलं होतं. वाचून दिलं होतं, विचार करून दिलं होतं. उद्या परत विचारलं तर परत देईन. मी अडाणी वाटत असेन, तर वाटू दे."

उपेंद्रची मूठ तशीच राहिली. "साहेब, तुम्ही?"

लॉरेन्सने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बायकोकडे बघत होता. आठ वर्षं जे टाळलं ते आता येणार होतं. येऊ दे. कॅथरीन मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती टॅबलेटकडे बघत होती, आणि धरलेला हात सोडवायचा प्रयत्न करत होती.

"ओके, कूल," शेनन म्हणाली, जणू त्याने दुकानातून दूध आणायला सांगितलं होतं. "मग सोपं झालं. मम्मीने सकाळी सांगितलं तेच. दोन्ही सेम."