काळे काटेरी किडे

“आई, बाजूला हो,” मुलगा म्हणाला. फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर होता आणि नाकावर फडकं बांधलेलं होतं.

आई हलली नाही. गुलाबाच्या कुंड्यांच्या दोन रांगांमधली वाट तिने अडवून धरली होती.

रोपवाटिका मायलेकांची. गेल्या मोसमात कळ्यांवर रस शोषणारा मावा पडला, तेव्हा मुलाने सरसकट विष मारलं. मावा गेला आणि पंधरवड्यात दुपटीने परतला. परतले नाहीत ते मधमाश्या आणि मावा खाणारे लाल, ठिपकेवाले किडे. यंदा काही झालं तरी विष नाही, अशी आईने मनाशी खूणगाठ बांधली. मध्यंतरी कुंपणाशी त्या लाल किड्यांची दोन-चार जोडपी दिसली, तेव्हा तिला माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं. आता त्यांचं बिऱ्हाड वाढेल आणि मावा फस्त होईल, असा तिचा हिशेब होता. पहिली कळी उमलेपर्यंत तिने मुलाकडून मुदत मागून घेतली होती.

आज कळी उमलली. बाकीच्या मात्र मावा चिकटून माना टाकत होत्या.

“तुझे पाहुणे काही आले नाहीत,” मुलगा म्हणाला. “पत्ता चुकले असतील.”

तिने स्वतः कसर ठेवली नव्हती. रोज सकाळी ती एकेक फांदी उलटून बघायची. जिथे मावा दाट, तिथे हमखास एक काळा, काटेरी किडा बसलेला. दिसायला असा, की शिसारी यावी. सगळ्या दुखण्याचं मूळ हाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. ती त्याला चिमट्याने उचलायची आणि मगातल्या साबणाच्या पाण्यात टाकायची. कंबर धरायची, डोळे चुरचुरायचे, पण तिने एक दिवस चुकवला नाही.

“एवढी शेवटची रांग बघू दे,” ती म्हणाली. “मग तुला काय करायचं ते कर.”

खालच्या एका पानावर तिला एक सापडला. हा चार-पाच दिवसांपूर्वीच निपचित पडला होता. मेला समजून तिने तेव्हा त्याला तिथेच सोडला होता. आता तो अंग आक्रसून पानाला घट्ट चिकटला होता आणि काटेरी कातडी शेपटाशी चुरगळून पडली होती. ती चिमटा लावणार, तोच त्याची पाठ उकलली. आतून काहीतरी मऊ, पिवळं बाहेर आलं.

“मार की,” मुलगा म्हणाला.

तिने मारलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या पिवळ्या पाठीवर एक करडा ठिपका उमटला. मग दुसरा. मुलाने नाकावरचं फडकं खाली ओढलं. ऊन कुंडीवरून सरकलं तरी दोघं वाकून बघतच होती. हळूहळू ठिपके काळे झाले आणि पाठ तांबूस होत गेली.

आईने शेजारचा मग उचलून आत पाहिलं. काळ्या काटेरी किड्यांखाली तळ दिसत नव्हता.

“पंप उतरव,” ती म्हणाली. वाट तिने अजूनही सोडली नव्हती. “ज्यांची वाट बघत होते ना, त्यांचीच पोरं मी रोज सकाळी बुडवत होते.”