सुनेसाठी सोडलेलं मटण

१९९८ साली अमरसिंह आबांच्या घरात सून आली, भूमिका, ती पिढीजात शाकाहारी घरातली. पोरीला वासाचा त्रास नको म्हणून, रविवारी मटणाशिवाय ताटावर न बसणाऱ्या आबांनी जोतिबाला जाऊन, गुलाल हातात घेऊन, अख्ख्या घराला जन्मभराची शपथ घातली. तांबड्या रश्श्याचं पातेलंसुद्धा शेजारी देऊन टाकलं.

वर्षभर वांगं-बटाटा गिळून झाल्यावर लग्नाच्या वाढदिवसाला आबांनी मोठ्या मायेनं विचारलं, "खरं सांग पोरी, आमच्या घरात तुला काय कमी हाय?"

सून खाली मान घालून म्हणाली,



"आबा, कॉलेजात हे डब्यातनं आईंच्या हातचं सुकं मटण आणायचे. त्यावरच तर मी लग्नाला हो म्हटलं होतं की."