तळ्यावरून उतरताना

तळ्याकाठच्या चिखलात पंजाचा ठसा होता. ताजा. अजून पाणी झिरपून त्यात साचत होतं.

प्रसादने वाकून पाहिलं आणि लगेच सरळ झाला. "ईश्वरी, ऊठ. निघू या."

ईश्वरी कातळावर बसून पाण्याकडे बघत होती. सानपाड्याच्या फ्लॅटमधून बायकोला जरा बाहेर काढावं म्हणून तिच्या मनाविरुद्ध त्यानेच हा रविवार ठरवला होता. तळं सुंदर होतं. हिरवं, गप्प, भोवती करवंदीच्या जाळ्या. खूप खाली धुरकट उन्हात खारघरचे टॉवर.

"बिबट्या?" तिने विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती. प्रसादला त्याचीच भीती वाटली.

पायथ्याला ज्यांच्या अंगणात गाडी लावली होती, त्या भागीरथीबाईंनी सकाळीच बजावलं होतं. "वाघरू हाय वरती. उतरताना गप ऱ्हाऊ नका. मोठ्यानं बोलत या. मानसाचा आवाज आयकला का तो वाट सोडतो."

दोघं उतरू लागले. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाळलं गवत.

"बोल काहीतरी," प्रसाद म्हणाला.

"काय बोलू?"

त्यालाही सुचेना. पावसाळ्यात त्यांचा सहा वर्षांचा मुलगा तापाने गेला होता. तेव्हापासून दूध आलं का, गॅस संपला का, यापलीकडे घरात बोलणं उरलं नव्हतं. तो सोसायटीच्या पार्किंगबद्दल मोठमोठ्याने बोलू लागला. मग लिफ्टबद्दल बोलला. मग तेही संपलं.

डावीकडचं गवत हललं. वारा नव्हता. दोघं थांबले, तसं तेही थांबलं.

"शिवाऽऽ!"

प्रसाद दचकला. ईश्वरीने हाक मारली होती. ते नाव इतक्या दिवसांत दोघांपैकी कोणीच घेतलं नव्हतं.

"शिवाऽऽ! पाय उचल! मागे राहू नको, राजा!"

"ईश्वरी, नको ना."

"मोठ्याने बोलायचंय ना?" ती म्हणाली. "मला एवढंच मोठ्याने बोलता येतं."

गवत पुन्हा हललं नाही.

पुढची सगळी वाट ती हाका मारत उतरली. हाक मारायची, जरा थांबायची, मान तिरकी करायची आणि पुन्हा चालायला लागायची. जिना उतरतानाही हल्ली तिला धाप लागायची. आता प्रसादलाच तिला गाठणं जड जात होतं. तिला थांबवावं की ओरडू द्यावं, त्याला ठरवता येईना. एका वळणावर त्यानेही ते नाव घ्यायला तोंड उघडलं. मग मिटलं.

पायथ्याला माणसं जमली होती. भागीरथीबाईंचा मुलगा अंकुश कोयता घेऊन निघाला होता, त्याच्यामागे दोघं काठ्या आणि पत्र्याचा डबा घेऊन.

"ताई, पोरगा कुठं मागं ऱ्हायला?" अंकुश म्हणाला. "टेन्शन घेऊ नका. आमी आनतो त्याला."

ईश्वरीने मागे वळून वाटेकडे पाहिलं. अंकुश वाटेला लागला, तसा प्रसाद त्याला आडवा गेला.

"थांबा, दादा. वर कोणी नाही. आमचा मुलगा..." हे वाक्य त्याने आजवर कुणासमोर पुरं केलं नव्हतं. "आमचा मुलगा पावसाळ्यातच गेला."

माणसं जागच्या जागी थबकली. अंकुशने कोयता खाली घेतला. भागीरथीबाई तोंडाशी पदर धरून डोंगराकडे बघत राहिल्या.

"मंग दर हाकेला ओ कोन देत होतं?" त्यांनी विचारलं.

डोंगर आहे, आवाज घुमतो, असं प्रसाद म्हणणार होता. पण तेवढ्यात ईश्वरी पुढे झाली. तिने भागीरथीबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तुम्हालाही ऐकू आलं?"