अंधारातले तीस सेकंद

“तीस सेकंद कोणीच हलायचं नाई,” असं बजावून गजेंद्रनं गोदामाचं दार ओढून घेतलं. सेलूत भर दुपारी मिट्ट काळोख झाला.

गजेंद्र लग्नाचे फोटो काढायचा. अंधारात टॉर्च फिरवून उजेडाची चित्रं काढायची कला त्यानं मोबाइलवर पाहिली होती. करून मात्र आजच पाहत होता. त्यासाठी कापसाचं रिकामं गोदाम मागून घेतलं होतं. कॅमेऱ्यासमोर नंदिनी आणि रत्नदीप. लग्न ठरून साक्षगंधाला पंधरा दिवस झाले होते, पण दोघांना एकांतात बोलायला मिळालं नव्हतं. आजही नंदिनीच्या वडिलांनी आपल्या बहिणीला, भागीरथाबाईंना, सोबत धाडलं होतं. या आत्याचा साऱ्या घराला धाक. नंदिनीला खेटून त्याही फोटोत उभ्या राहिल्या.

रत्नदीपच्या आईचा निरोप आला होता : लग्नानंतर नंदिनीनं वर्ध्याच्या लॅबमधली नोकरी सोडायची. रत्नदीपचंही तेच म्हणणं असेल, तर नंदिनी हे लग्न मोडणार होती.

गजेंद्रनं कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंदांसाठी उघडलं. मग मोठ्यानं आकडे मोजत तो तिघांच्या मागे गेला आणि टॉर्चनं हवेत बदाम काढू लागला; चेहऱ्यांवरून टॉर्च अगदी शेवटी फिरवायचा होता. त्या आवाजाआड नंदिनी कुजबुजली, “नोकरी सोडा म्हणते तुमची आई. तुमी काय म्हणता?”

रत्नदीप गप्प. तीस सेकंद संपले.

दार उघडून सगळ्यांनी फोटो पाहिला. बदामाचं वांगं झालं होतं आणि आत्याला तीन डोकी आली होती.

“आत्या, तुमी हलल्या!” गजेंद्र म्हणाला.

“मान अवघडली बाप्पा. घे आणखी एक.”

पुन्हा अंधार. नंदिनी चिडून म्हणाली, “बोलत काऊन नाई?”

“हलू नका म्हणे तो,” रत्नदीप पुटपुटला. “तोंड बी नाई हलवलं मी.”

नंदिनीनं हसू कसंबसं दाबलं. “आता हलवा.”

“नोकरी सोडू नका. आईले मी सांगतो. पण…”

तेवढ्यात टॉर्चचा उजेड चेहऱ्यांवर आला. “तीस!” गजेंद्र ओरडला.

या खेपेला बदाम बरा होता. आत्याचा मात्र चेहराच पुसला गेला होता. “शिंक आली,” त्या म्हणाल्या. शिंक कोणीच ऐकली नव्हती. नंदिनीचं तिकडे लक्षही नव्हतं. ‘पण’च्या पुढे काय, याच काळजीत ती होती.

तिसऱ्यांदा दार बंद झालं.

“पण काय?”

“तुमी ड्युटीवरून येईस्तोवर सैपाक मले करा लागन. आन् मले नुसतं वरण येते.”

“चालते,” नंदिनी म्हणाली. तिनं अंधारात त्याचा हात पकडला आणि तो मात्र अजिबात हलू दिला नाही.

फोटो झकास आला. डोक्यावर नेटका बदाम, खाली तीन ठसठशीत चेहरे. गजेंद्र खूश झाला.

“आत्या, दोनदा सांगून बी हलल्या. मंग आता कशा नाई हलल्या?”

भागीरथाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या दाराकडे निघाल्या.

“आता या दोघायचं बोलणं पुरं झालं ना!”