बिघडलेला ग्रुप फोटो

"स्नेहसंमेलनाला सगळ्या बाईंनी जांभळी साडी नेसायचं ठरलं होतं ना? मग ही विटकी पिवळी कशाला?" घैसास बाई माझ्यावर कडाडल्या. जांभळ्या साड्या त्यांनीच पसंत केल्या होत्या. "ग्रुप फोटो बिघडणार!"

"बिघडू दे," मी म्हटलं. "आज ईरा नाचणार आहे."

माझ्या वर्गातली ईरा स्वमग्न आहे. ती माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, साडी ओळखते. तालमीत मी हीच साडी नेसून तिच्यासमोर नाचायचे, ती वळेल तिकडे जायचे. मग ती एकही पाऊल चुकायची नाही. हे मी घैसास बाईंना सांगितलं.

"अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात," त्या पुटपुटल्या.

पहिल्या कडव्यात डाव्या विंगेतल्या माझ्याकडे बघत ईरा मस्त नाचली. मग मुलींची रांग उजवीकडे वळली आणि ईरा थबकली. तिनं कान झाकले. मला पलीकडे जायला वाटच नव्हती.

अचानक तिचे हात पुन्हा हलायला लागले. मी वाकून पाहिलं. समोरच्या विंगेत घैसास बाई नाचत होत्या! पाहुण्यांच्या टेबलावरचा पिवळा टेबलक्लॉथ जांभळ्या साडीवर पदरासारखा ओढून, सगळी पावलं चुकत.

फोटोच्या वेळी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तो टेबलक्लॉथ काढा. फोटो बिघडेल."

"बिघडू दे," घैसास बाई म्हणाल्या. "ईराला मी आत्ता कुठे ओळखू यायला लागलेय."