नळाचा दिवस

सकाळी बालवाडीत वैजयंतीबाईंनी घसा ताणून विचारलं, "दारात तहानलेलं माणूस आलं, तर काय करायचं?"

"आदी पाणी द्यायचं, बाई!" सगळ्यांच्या वरचढ आवाज पाच वर्षांच्या श्रीदेवीचा. बाई इतक्या खूश झाल्या, की तिच्यासाठी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांनी, आणि नेमकं त्या टाळ्या चालू असतानाच ते बाईंच्या गल्लीत येऊन गेलं. संध्याकाळी बघतात तर घरातलं पिंप कोरडं ठणठणीत. कुणापुढं हात पसरायचा त्यांचा स्वभाव न्हवं, पण सुकलेल्या घशापुढं स्वभावाचं काय चालतंय! शेवटी घागर घेऊन त्यांनी शेजारचं, श्रीदेवीचंच दार वाजवलं.

"आई, बाई आल्या!" पोरगी हरखून ओरडली.

"लई बारीक आलं बघा आज," आई आतूनच म्हणाली. "आमच्यातबी पाणी न्हाय."

श्रीदेवीनं आईमागच्या काठोकाठ भरलेल्या पिंपाकडं बघितलं, बाईंच्या घागरीकडं बघितलं आणि रडवेल्या आवाजात हळूच विचारलं,


"बाई, तुमाला तहान लागली न्हाय न्हवं?"